वर्ग : घरातले

ज्ञानदेव सोनवणे यांनी दौंड जंक्शनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं चिठ्ठ्या चिकटवल्या. आंब्याच्या पेट्या, सायकली, औषधांची खोकी, एकदा तर पिंजऱ्यातली दोन माकडं. जे येईल त्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर दोन शब्दांत माल आणि गाव. लोक अर्जाचा मायना सांगावा तसं सांगत, "लेकीच्या सासरी पाठवायच्या पितळी भांड्यांची पेटी हाय, जपून न्यायची." ज्ञानदेव मान डोलवत आणि लिहीत : भांडी, सोलापूर. चिठ्ठीवर मावेल तेवढं खरं, बाकीचा सगळा फापटपसारा, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीच्या समारंभात भाषण करायला उभे केल्यावर त्यांनी तेवढंच सांगितलं आणि खाली बसले.

या नोकरीनं त्यांना पेन्शन दिली आणि डाव्या पायाची करंगळी घेतली. एकदा लोखंडी सामानाचं खोकं हातगाड्यावरून घसरून थेट पायावर आलं. तेव्हापासून डाव्या पायाला चारच बोटं. फरशी पुसल्यावर कोण चालून गेलं हे त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, शोधावं लागत नसे. ओल्यात चार बोटांचा ठसा दिसला की त्या स्वयंपाकघरातूनच तोंडाचा पट्टा सुरू करत.

निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतंच. ज्ञानदेवांना गावकोशाचं लागलं. ही इंटरनेटवरची मराठी वेबसाइट. कुणीही यावं आणि आपल्या गावाबद्दल लिहावं. विहीर, शाळा, पैलवान, सुईण, कशाचंही पान करावं. दुसऱ्यानं त्यात भर घालावी, तिसऱ्यानं चुका काढाव्यात. पानाच्या तळाशी 'वर्ग' लिहायचा. 'वर्ग : विहिरी' असं लिहिलं की ते पान सगळ्या विहिरींच्या यादीत जाऊन बसतं. पण लोक ते लोकच. 'शिरूर तालुक्यातील पाणी गोड असलेल्या परंतु सध्या आटलेल्या विहिरी' असा एक वर्ग होता आणि त्यात एकच विहीर होती. असलं काही दिसलं की ज्ञानदेवांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्यांनी लांबलचक वर्गांची नावं तोडून आखूड केली, एकेकट्या पानांचे वर्ग मोठ्या वर्गात विलीन केले. वर्षभरात साइटवाल्यांनी त्यांना प्रचालक केलं, म्हणजे पानं काढून टाकायचा अधिकार दिला. आता चाळीस हजार पानं होती, आणि दुपारचं जेवण झालं की ज्ञानदेव त्यांच्या चिठ्ठ्या बदलत बसत.

दोन हजार नऊचा जानेवारी होता. उसाच्या ट्रॉल्यांचा दिवसभर खडखडाट चाले आणि गुऱ्हाळांचा गोड धूर घरात येई. त्या दुपारी ज्ञानदेव इनामगावच्या पानांवर होते. इनामगाव त्यांचं जन्मगाव, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर. तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीत, तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, म्हणून गावाचं नाव पुस्तकांत गेलं. त्यावरचं 'रांजणातील दफन' हे पान शिरूरला कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सायमा तांबोळी यांनी लिहिलं होतं. त्या काळचे लोक आपला मेलेला माणूस राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठं माणूस असेल तर पुरण्याआधी त्याची पावलं घोट्यापासून तोडत. त्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. पान नेटकं होतं. तळाशी एकच वर्ग होता : घरातले.

ज्ञानदेवांनी त्यावर क्लिक केलं. 'या वर्गात १ पान आहे.'

एकाच पानाचा वर्ग. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पानाचा मजकूर उघडला. आता वर्गाची ओळ खोडायची, दुसरी लिहायची, अर्ध्या मिनिटाचं काम. पण मजकुरात ओळच नव्हती. वरून खाली दोनदा वाचलं. वर्ग लिहिल्याशिवाय तो पानाच्या तळाशी उमटूच शकत नाही. तरी तो तिथं होता. संगणकानं जुनं पान दाखवलं असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय दुसऱ्या दिवसावर ढकलला.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात चार पानं होती. रांजणातील दफन. मारुतराव (पैलवान). साखरबाई (सुईण). पोपट (पंक्चरवाले). तिघंही इनामगावची आणि तिघंही हयात. ज्ञानदेवांनी एकेकाच्या बदलांचा इतिहास उघडला. महिन्याभरात कुणीही त्या पानांना हात लावलेला नव्हता, आणि वर्गाची ओळ एकाही पानात नव्हती.

आता मात्र त्यांना वास आला. पार्सल ऑफिसात आतला माणूस फितूर असल्याशिवाय पेटी फुटत नसे. ज्याचं पान पहिलं, त्याच्यावर पहिला संशय, असा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. म्हणजे सायमा तांबोळी. पण जिवंत माणसांना त्या रांजणाच्या यादीत बसवून तिला काय मिळणार? त्यांनी मारुतरावांच्या घरी फोन लावला. सुनेनं, भागुबाईनं, उचलला.

"जय भीम आबा. मामंजी व्हय? हायेत की, पन दिवाळीपासनं उठत न्हाईत ओ."

"का? काय झालं?"

"पाय गेलं. वारं न्हाई, साखर न्हाई. पुण्याला दावलं. डाक्टर म्हनला, पायाला कायबी झालं न्हाई. पन त्यांना पाय कळतच न्हाईत. टाचणी टोचली तरी कळत न्हाई." मग तिनं आवाज बारीक केला. "आबा, येक इचारू? कुनाला सांगू नका. उठत न्हाईत, पन सकाळी सारवलेल्या अंगनात त्यांच्या पावलाचं ठसं असत्यात. दारापासनं नदीच्या अंगाला गेलेलं."

"अगं, दुसऱ्या कुणाचे असतील."

"असतील," भागुबाई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

साखरबाईचीही तीच गत होती, दिवाळीपासूनच. पोपट मात्र ठणठणीत निघाला. इनामगाव सोडून तो सोलापूर रस्त्यावर भांडगावला पंक्चरचं दुकान चालवत होता. "बोला की आप्पा, मला काय धाड भरली?" म्हणून फोनवर खो खो हसला. पाठीमागे हवेच्या पंपाचा आवाज येत होता. ज्ञानदेवांना हायसं वाटलं, आणि आपल्यालाच आपण उगाच घाबरवत होतो याची थोडी लाजही वाटली.

चौथ्या दिवशी पोपटचा स्वतःहून फोन आला. पंपाचा आवाज नव्हता.

"आप्पा, तुम्ही त्या दिवशी पायाचं का इचारलं?"

"सहज रे."

"सहज न्हाई. परवा टायर बदलताना खाली बसलो, तो उठलोच न्हाई. पाय हायेत आप्पा, पन माझं न्हाईत. तुम्हाला आधी कसं कळलं?"

ज्ञानदेवांनी त्याला दवाखान्यात जाऊन ये म्हणून सांगितलं. पोपटनंही मग जास्त काही विचारलं नाही, पण त्याच्या आवाजात संशय होता, आणि तो ज्ञानदेवांना दिवसभर टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते शिरूरला गेले. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सायमा एकटीच पेपर तपासत होती. तिशीतली, बारीक अंगाची, बोलण्यात चटपटीत. त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता छापून आणलेली यादी टेबलावर ठेवली.

"मॅडम, हा 'घरातले' वर्ग तुमचा ना? गंमत असेल तर आता बास करा. यातली माणसं आजारी पडतायत."

सायमानं यादी पाहिली. मग तिनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"काका, मी तुम्हालाच फोन करणार होते. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी करताय."

"मी?"

तिनं कोपऱ्यातला संगणक सुरू केला आणि वर्गाची नोंद काढली. मी केलेला वर्ग हा नव्हे, असं म्हणून तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. तिनं केलेल्या वर्गाचं नाव होतं 'इनामगाव येथे घराच्या जमिनीखाली पुरलेले मृत'. एप्रिल दोन हजार सातमध्ये कुणीतरी ते तोडून 'घरातले' केलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : नाव फार लांब, सोपे केले. सदस्य : ज्ञानदेव पार्सल.

ते त्यांचंच सदस्यनाव होतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी एका बैठकीत दोनशे वर्ग आखूड केले होते. इनामगाव काढलं, कारण ते वरच्या वर्गात होतंच. जमीन काढली, पुरणं काढलं. आणि 'मृत'सुद्धा काढलं, कारण तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस मेलेलाच असणार, ते कशाला लिहायचं?

"तुम्ही मेलेल्यांच्या वर्गाचं दार उघडं टाकलंत, काका," सायमा म्हणाली. ती हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "आता कुणीही आत येतंय."

"असलं काही नसतं, मॅडम. तुम्ही शिकलेल्या आहात."

"हो. नसतं," ती म्हणाली. तिनं यादी घडी करून त्यांच्या हातात दिली. तो कागद तिला तिथं ठेवायचा नव्हता, हे उघड होतं.

घरी आल्या आल्या ज्ञानदेवांनी वर्गाला जुनं लांब नाव दिलं. पान ताजं केलं, तर नाव पुन्हा 'घरातले'. सात वेळा केलं. मग त्यांनी विचार केला, पानंच बिघडली असतील, एक काढून नव्यानं लिहून बघू. मारुतरावांचं पान सर्वांत छोटं, सहा ओळींचं. त्यांनी ते काढून टाकलं आणि वर्ग उघडला. 'या वर्गात ४ पाने आहेत.' मारुतराव नव्हते. पोपट होता. साखरबाई होती. आणि रांजणाच्या अगदी वर एक नवीन नाव होतं.

रश्मी सोनवणे (धावपटू).

रश्मी त्यांची मुलगी. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर झालेली, एकुलती. शाळेत असताना तीन हजार मीटरमध्ये राज्यापर्यंत गेली, तेव्हा तिच्या सरांनी हौसेनं तिचं पान केलं होतं, मूळ गाव इनामगाव म्हणून. आता एकविसाव्या वर्षी ती पोलीस भरतीला उतरली होती. गेल्या साली उंची आणि लेखी दोन्हीत बसली, आणि धावण्यात चार सेकंदांनी गेली. त्या चार सेकंदांसाठी वर्षभर रोज पहाटे आणि संध्याकाळी ती भीमेच्या पुलापर्यंत पळून येत होती. मैदानी चाचणीला सहा दिवस राहिले होते. यंदा झालं नाही तर नात्यातल्या स्थळाला होकार द्यायचा, असं तिनं आईला कबूल केलं होतं. त्या स्थळाचं नाव निघालं की पोरगी ताटावरून उठायची.

ज्ञानदेवांचा हात माउसवर होता, तो त्यांनी काढून घेतला. अर्ध्या तासानं फोन वाजला. भागुबाई होती, रडत की हसत होती ते कळेना.

"आबा, मामंजी उठलं! आत्ता, घटकेपूर्वी. काठी न घेता नदीवर गेलं. सारा गाव गोळा झालाय हितं!"

"बरं झालं," ज्ञानदेव म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

संध्याकाळी उजेडातच रश्मी सरावावरून परतली. रोज ती दोन पायऱ्या एकदम चढायची. आज कठड्याला धरून चढली आणि उंबऱ्यावरच बसून बूट काढायला लागली.

"पप्पा, पायाला मुंग्या आल्यात. सारख्या येतायत दुपारपासनं."

"दुपारी कधी?"

"तीन-साडेतीनला. का ओ?"

त्यांनी मारुतरावांचं पान काढलं होतं तीन वाजून वीस मिनिटांनी.

"काही नाही. आज मीठ-पाण्यात ठेव पाय," ते म्हणाले. रश्मीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाप काहीतरी लपवतोय हे तिला कळत होतं, पण काय ते विचारायला ती धजली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पळायला गेलीच नाही. वच्छलाबाई तेल कढवून तिचे तळवे चोळत बसल्या. "जोरात चोळ ना गं आई," रश्मी म्हणाली, आणि वच्छलाबाई घामाघूम झाल्या होत्या.

ज्ञानदेव संगणकासमोर बसले. त्यांनी आयुष्यात भुताखेतांना थारा दिला नव्हता, आणि आताही देत नव्हते. पण पार्सलचा हिशोब त्यांना कळत होता. गाडीला लावलेल्या यादीत चार नग असतील, तर डब्यात चारच लागतात. एक उतरवायचा असेल तर त्याच्या जागी दुसरा चढवावा लागतो. नगाला नग. त्यांनी मारुतरावांना उतरवलं, तेव्हा यादीनं जवळचा नग उचलला.

म्हणजे रश्मीला उतरवता येत होतं. फक्त चढवायचं कुणाला, ते ठरवायचं होतं.

काढलेलं पान प्रचालकाला परत आणता येतं. मारुतराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी बटणावर बाण नेला. खिडकीतून गुऱ्हाळाचा धूर येत होता. 'काठी न घेता नदीवर गेलं,' भागुबाईचा आवाज कानात होता. त्यांनी बाण मागे घेतला.

चाळीस हजार पानं होती. त्यातली हजारो माणसं त्यांना ठाऊकही नव्हती. कुठल्यातरी गावचा, न पाहिलेला एखादा म्हातारा. कुणालाही कळलं नसतं. हा विचार आपल्याच डोक्यात आला याची त्यांना किळस आली, आणि तरी तो तासभर गेला नाही.

शेवटी त्यांनी नवं पान उघडलं.

'ज्ञानदेव सोनवणे. मूळ गाव इनामगाव. रेल्वेत पार्सल क्लार्क होते.' बाकी सगळा फापटपसारा. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं टंकलं : वर्ग : घरातले. जतन केलं. मग रश्मीचं पान काढून टाकलं.

'या वर्गात ४ पाने आहेत.' पोपट. रांजणातील दफन. साखरबाई. आणि ज्ञ हे अक्षर शेवटचं, म्हणून सगळ्यांत तळाला ते.

आतून रश्मी ओरडली, "अगं आई, पुरे! पोळतंय ना तेल!"

चाचणीच्या दिवशी ती सहा सेकंद राखून आली. ज्ञानदेव मैदानावर नव्हते. त्यांना सकाळी पलंगावरून उठताच आलं नव्हतं. वच्छलाबाईंनी टाचणी टोचून पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

दोन दिवसांनी सायमाचा फोन आला.

"काका, स्वतःचं पान स्वतः लिहायचं नाही, हा तुमचाच नियम ना? काढून टाकू का मी?"

"हात लावायचा नाही," ज्ञानदेव म्हणाले. मग नरमून म्हणाले, "सायमाताई, मी असेपर्यंत नाही, आणि नंतरही नाही."

"बरं," एवढंच ती म्हणाली.

एप्रिलमध्ये रश्मीला प्रशिक्षणाला बोलावणं आलं. सकाळी साडेनऊची गाडी होती. खुर्चीत बसलेल्या बापाच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं आणि तिला रडू फुटलं, कारण पाय थंडगार होते.

"स्टेशनावर तुम्हीच सोडणार होता मला. लहानपणापासनं म्हणत होता."

"म्हणत होतो खरं," ज्ञानदेव म्हणाले. "जा. वळून बघू नको."

वच्छलाबाईंनी पोर जाण्याआधी म्हणून व्हरांडा धुऊन घेतला होता. शहाबादी फरशी अजून ओली होती. रश्मी बॅग उचलून बाहेर पडली. फाटक वाजलं. रिक्षाचा आवाज लांब गेला.

ज्ञानदेवांनी गुडघ्यांवरचं पांघरूण सरळ केलं. पावलं तिथंच होती, पायरीवर ठेवलेल्या जोड्यासारखी.

"अहो," वच्छलाबाई दारातून म्हणाल्या. आवाजात रोजचा पट्टा नव्हता. "तुम्ही उठला होता का?"

त्यांनी मान हलवली. वच्छलाबाई बाजूला झाल्या आणि त्यांना व्हरांडा दिसला.

रश्मीच्या बुटांचे ठसे दारापासून फाटकापर्यंत गेले होते. त्यांच्या शेजारून, पावलाला पाऊल लावून, अनवाणी पायांचे ठसे गेले होते. डाव्या पायाला चार बोटं.

परत येणारा एकही ठसा नव्हता.